दोन गेंडे आणि एक तांबट

दिवाळीच्या आधीच्या चार दिवसांत घरोघरी एक उद्योग ठरलेला असतो. माळ्यावरचे घंगाळ खाली येते, अडगळीतला बंब बाहेर निघतो, देवघरातली ताम्हने आणि पळी-पंचपात्री परसात जाते. चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन कोणीतरी पदर खोचून बसते, आणि वर्षभर काळवंडलेले तांबे बघता बघता लालबुंद होते. आपण म्हणतो, भांडे उजळले. वास्तविक चिंचेच्या आंबटाने तांब्यावरचे काळे पुट खाऊन टाकलेले असते. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला तर तो लगेच पुसावा लागतो. नाहीतर फरशीवर पांढरा डाग पडतो आणि तो जन्मभर जात नाही. तेथेही लिंबाने दगड खाल्लेला असतो. आंबटाला धातू आणि दगड खाण्याची सवय आहे, हे आपल्या घरच्या बायकांना कोणत्याही रसायनशास्त्राच्या पुस्तकाआधीपासून ठाऊक आहे.

एवढ्याच ज्ञानाच्या बळावर युरोपातल्या कारागिरांनी पाचशे वर्षांपूर्वी चित्रे छापण्याची एक विद्या उभी केली. इंग्रजीत तिला एचिंग म्हणतात. आपल्याकडे तिला अम्लरेखन असे नाव आहे. ही विद्या आमच्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत कधी आली नाही, पण ती ज्या ज्या वस्तूंनी बनते त्या साऱ्या वस्तू या मुलखात होत्या. तांबे होते, कोरणारा हात होता, काजळ होते, कागद होता. मग छापील चित्र का झाले नाही? मी एक शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो म्हणून इतिहासाच्या वाटेला जातो. हा प्रश्न मला अनेक वर्षे सुटत नव्हता. आज जे हाती लागले आहे ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी ही विद्या करतात कशी, ते सांगितले पाहिजे.

तांब्याचा एक सपाट पत्रा घ्यायचा आणि आरशासारखा घोटायचा. तो गरम करून त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. मग पत्रा उलटा धरून मेणबत्तीच्या धुराने तो थर काळा करायचा, म्हणजे त्यावर ओढलेली रेघ तांबूस होऊन चमकते आणि नजरेला स्पष्ट दिसते. आता चित्रकाराने सुई घ्यायची आणि त्या काळ्या थरावर चित्र काढायचे. येथे जोर लावायचा नसतो. थर तेवढा खरवडला जावा आणि खालचे तांबे उघडे पडावे, इतकेच काम. मग तो पत्रा पाणी घातलेल्या शोऱ्याच्या तेजाबात ठेवतात. जेथे मेण आहे तेथे तेजाबाला वाव नाही. जेथे सुईने तांबे उघडे केले आहे तेथे तो खायला लागतो. रेघांवर बारीक बुडबुडे येतात. ते पक्ष्याच्या पिसाने हळूच बाजूला सारायचे असतात, नाहीतर रेघ खडबडीत होते.

खरी करामत पुढे आहे. ज्या रेघा नाजूक हव्यात, त्या जरा वेळाने रोगणाने झाकून टाकायच्या आणि पत्रा पुन्हा तेजाबात सोडायचा. ज्या गडद हव्यात त्यांना अधिक वेळ खाऊ द्यायचे. लांबच्या डोंगराची रेघ एक-दोन मिनिटांत बाहेर येईल, जवळच्या वडाच्या खोडाला पंधरा मिनिटे लागतील. उजेड आणि अंधार येथे घड्याळाने मोजला जातो. शेवटी मेण पुसून टाकले की तांब्यावर खोलगट रेघांचे चित्र राहते. त्या पत्र्यावर तेलात घोटलेली काळी शाई चोळायची आणि जाळीदार कापडाने, शेवटी तळहाताने, ती अशी पुसून घ्यायची की वर काही न राहता फक्त रेघांत शाई उरावी. वर ओलसर कागद ठेवायचा, त्यावर जाड बनातीची घडी, आणि हे सारे दोन लाटांच्या मधून दाबून काढायचे. जत्रेत उसाचा रस काढणारा चरक पाहिला आहे ना? या छापयंत्राची बांधणी त्याच जातीची. दाबाने ओला कागद रेघांत शिरतो आणि तिथली शाई उचलून घेतो. कागद वर काढला की चित्र उमटलेले असते, पण उलटे: पत्र्यावर उजवीकडे असलेले घर कागदावर डावीकडे जाते.

कोरणीने पत्रा कोरणे हा वेगळा हुन्नर. त्यात पोलादी कोरणी मनगटाच्या जोराने तांब्यात रेटावी लागते, आणि ते काम वर्षानुवर्षे उमेदवारी केलेल्या कारागिराचेच. म्हणून युरोपातही चित्रकार चित्र काढी आणि कोरणारा दुसरा असे. एचिंगमध्ये कष्टाचा भाग तेजाबाने उचलला. सुई बोरूसारखी फिरते. त्यामुळे चित्रकाराला मधला माणूस नको झाला. तो स्वतःच्या हाताने पत्र्यावर काढू लागला. अशा पत्र्यावरून निघालेला प्रत्येक कागद हा मूळ चित्र समजला जातो. पत्रा हे चित्र नव्हे, ते साधन. मूळ एकच आणि बाकीच्या नकला, हा आपला हिशेब येथे लागू पडत नाही. वीस कागद निघाले तर वीसही मूळ.

मौज अशी की ही युक्ती प्रथम चित्रकाराला सुचली नाही. जर्मनीत औग्सबुर्ग नावाचे शहर आहे. तेथले चिलखतकार पोलादावर वेलबुट्टी काढायला तेजाब वापरीत. सन १५०० च्या सुमारास त्यांच्यातल्या डॅनिएल हॉप्फर नावाच्या कारागिराने ही रीत पत्र्यावर चित्र छापण्यासाठी वापरली. त्याच्या शहरात कागद होता, छापखाने होते, शाई करणारे होते. लोहाराने दोन गल्ल्या ओलांडल्या आणि नवी कला जन्माला आली. पुढे दीडशे वर्षांनी हॉलंडातल्या रेम्ब्रांटने तिला शिखरावर नेले. त्याने सुमारे तीनशे पत्रे केले. या रेम्ब्रांटला हिंदुस्थानातून गेलेली मोगल चित्रे फार आवडत. त्याने त्यांच्या बऱ्याच नकला केल्या. अब्राहामाकडे देवदूत जेवायला आले आहेत, असे त्याचे १६५६ सालचे एक एचिंग आहे. त्यातली माणसे झाडाखाली, जमिनीवर बसली आहेत. ती बैठक त्याने मोगल चित्रावरून उचलली. म्हणजे आपले चित्र तिकडे जाऊन तांब्यावर चढले. आपल्याकडचे तांबे मात्र भांडे होऊन बसले होते.

भांडे होऊन बसले होते, असे म्हणणे थोडे अन्यायाचे आहे. या देशात तांब्यावर कोरण्याची परंपरा युरोपच्या एचिंगहून कितीतरी जुनी. राजाने जमीन दान दिली की ताम्रपट करून द्यायचा, ही चाल. कोल्हापूरकडच्या सामानगडला राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा शके ६७५ चा ताम्रपट मिळाला. म्हणजे इसवी सन ७५३-५४. असे शेकडो पट चालुक्यांचे, शिलाहारांचे, यादवांचे सापडले आहेत. हजार-बाराशे वर्षांनंतरही त्यांवरचे अक्षर वाचता येते, इतका कोरणाऱ्याचा हात पक्का. पण ताम्रपट सुलट कोरलेला असतो, कारण तो वाचायचा असतो. त्यावर शाई चोळून कागद दाबला तर अक्षरे उलटी येतील, आणि तसे करण्याची गरजही कोणाला भासली नाही. दान एकाला, पट एक.

उलटे कोरण्याची विद्या मात्र निराळ्या घरी नांदत होती, आणि ते घर आमच्या अगदी जवळचे. वेल्ह्याच्या एका अंगाला तोरणा आणि दुसऱ्या अंगाला राजगड. रायगड राजधानी होण्यापूर्वी सुमारे पंचवीस वर्षे शिवाजीमहाराजांचा कारभार राजगडावरून चालला. तेथून जे पत्र सुटे त्याच्या माथ्यावर अष्टकोनी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब. मुद्रा धातूत उलटी कोरलेली, तिला शाई लावून ती कागदावर दाबायची, की अक्षरे सुलट उमटत. वाचकहो, हे छापणेच नव्हे काय? कोरलेला धातू, शाई, कागद आणि दाब, चारही गोष्टी त्यात आल्या. राजगडाच्या सदरेवर रोज छापा उमटत होता, आणि आपण आजही एखादी गोष्ट पक्की झाली म्हणजे ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो.

भोरचे आणि या कामाचे नाते तर नावातच आहे. अष्टप्रधानांत सचिव किंवा सुरनीस याचे काम राजपत्रे पाहण्याचे. मजकुरात अधिकउणे अक्षर पडले असेल तर ते दुरुस्त करायचे आणि पत्रावर आपली खूण करायची. हे सचिवपद राजाराममहाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे आले, पुढे त्यांच्या घराण्यात वंशपरंपरा चालले, आणि ते घराणे भोरचे संस्थानिक झाले. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत ‘पंतसचिव’ हीच त्यांची पदवी होती. जे गाव कागदपत्रांच्या शुद्धाशुद्धतेचा पहारा करणाऱ्या अधिकाऱ्याचे, त्या गावात मी मुलांना शुद्धलेखन शिकवतो. माझ्या लाल पेन्सिलीला एवढी मोठी परंपरा आहे, हे मी वर्गात अधूनमधून सांगून घेतो.

वर्गात मी आणखी एक खेळ करतो. बटाटा मधोमध कापून मुलांना आपापले नाव त्यावर कोरायला सांगतो. मुले हौसेने सुलट कोरतात, शाईत बुडवून वहीवर दाबतात, आणि मग सगळ्या वर्गात हशा पिकतो. ‘कमल’चे ‘लमक’ झालेले असते, तेही तोंड फिरवलेल्या अक्षरांत. दुसऱ्या बटाट्याला मात्र ती विचार करून बसतात. सरळ दिसायचे असेल तर आधी उलट विचार करावा लागतो, हे ज्या पोराला त्या दिवशी उमगते त्याच्याकडे मी पुढे वर्षभर लक्ष ठेवतो. शिक्के कोरणाऱ्याचा जन्म याच विचारात जाई.

आता सारी मांडामांड एकदा पाहू. पुण्याच्या तांबट आळीत तांबे ठोकून ठोकून एकसारखे करणारे हात होते. त्यांचे मठारकाम आजही नावाजलेले आहे. दौलताबादजवळ कागझीपुऱ्यात आणि जुन्नरला उत्तम कागद होत असे. उलटे कोरणारे शिक्क्याच्या आणि टांकसाळीच्या कामावर होते. दोन लाटांमध्ये वस्तू दाबायची युक्ती उसाच्या गुऱ्हाळात आणि कापूस पिंजण्याआधी सरकी काढणाऱ्या चरकीत होती. काजळ तर प्रत्येक दिव्याला. पण एकाचे दुसऱ्याला उपयोगी पडावे अशी सोय नव्हती. कागद बोरूसाठी खळ देऊन, घोटून गुळगुळीत केलेला असे. खोलगट रेघेतली शाई उचलायला तो मऊ आणि ओलसर हवा. शाई काजळ-डिंकाची, पाण्यात कालवलेली. रेघेत धरून राहायला ती तेलाची हवी. या अडचणी काही डोंगराएवढ्या नव्हत्या. कागदी आणि तांबट आठ दिवस एका ओसरीवर बसते तर त्या सुटल्या असत्या. पण ते बसले नाहीत. त्यांना एका ओसरीवर बसवील असा कोणी नव्हता. आपल्या व्यवस्थेने हुन्नर बापाकडून लेकाकडे जपून दिला. शेजारच्या आळीकडे जाऊ दिला नाही. लेखकूला तांबटाच्या भट्टीशी कर्तव्य नाही आणि तांबटाला पोथीशी नाही. औग्सबुर्गच्या लोहाराने ज्या दोन गल्ल्या ओलांडल्या, त्या आपल्याकडे दोन जाती होत्या.

त्या ओलांडण्याची वेळ आपल्याकडेही एकदा आली होती. ती हकीगत पुण्याची, आणि तिचा नायक तांबटच.

चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील १७८६ पासून १७९७ पर्यंत पुण्यात पेशव्यांच्या दरबारी होता. त्याला चित्रांची आणि जुन्या लेण्यांची फार आवड. त्याच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट, मूळ नवगिरे, नावाचा एक पुणेकर चित्रकार होता. गंगारामने मॅलेटसाठी वेरूळची लेणी काढली आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातली जनावरे काढली. पुढे १७९२ साली जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार पुण्यात आला. त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रे रंगवली. सवाई माधवराव आणि नाना यांचे ते भव्य चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. मॅलेटच्या खटपटीने पुण्यात चित्रकला शिकवण्याची शाळाही निघाली, आणि गंगाराम वेल्सच्या हाताखाली काम करू लागला.

हा वेल्स एचिंग जाणणारा होता. मुंबईत त्याने बेटाचे आणि आसपासचे बारा देखावे काढले आणि त्यांचे पत्रे स्वतःच्या हाताने केले. मलबार टेकडीवरून दिसणारी मुंबई, शीवच्या किल्ल्यावरून दिसणारा मुलूख, अशी ती चित्रे. आपल्या मुलखाचे देखावे चित्रकाराने स्वतः तांब्यावर काढून छापलेले, अशा पहिल्या मोठ्या संग्रहांत त्यांची गणना होते. तो संग्रह प्रसिद्ध झाला तो १८०० साली, वेल्सच्या मृत्यूनंतर. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि नोव्हेंबरात वेल्स गेला. त्याची वेरूळची चित्रे विलायतेस पोचली आणि तेथे टॉमस डॅनिएलने त्यांचे पत्रे करून १८०३ साली छापली. १७९७ मध्ये मॅलेटही निघून गेला. पुण्यातली ती चित्रशाळा बसली.

आता त्या दोन गेंड्यांची गोष्ट.

पहिला गेंडा आपल्याकडूनच गेलेला. गुजरातच्या मुझफ्फर सुलतानाने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला नजर केला. गव्हर्नरने तो गोव्याहून १५१५ च्या जानेवारीत जहाजावर चढवला आणि मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. युरोपात त्यापूर्वी हजार वर्षे कोणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. दुसऱ्याच वर्षी पोपकडे नेताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून ते बिचारे जनावर मेले. जर्मनीतल्या आल्ब्रेख्ट ड्यूररने हा गेंडा कधीच पाहिला नाही. त्याच्याकडे आले ते एक पत्र आणि एक कच्चे रेखाटन. त्यावरून त्याने लाकडी ठशाचे चित्र केले. गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे जडवल्यासारखी कातडी, पायांवर खवले, आणि खांद्यावर एक जास्तीचे लहानसे शिंग! चित्र साफ चुकीचे. पण ते छापलेले होते. हजारो कागद निघाले, पुस्तकांत गेले, भिंतींवर लागले, आणि पुढची अडीचशे वर्षे युरोपातल्या शाळेतल्या मुलांचा गेंडा तोच राहिला.

दुसरा गेंडा पुण्याचा. पेशव्यांच्या शिकारखान्यात तो बांधलेला होता आणि १७९० च्या नोव्हेंबरात गंगाराम तांबटाने समोर बसून त्याचे चित्र काढले. जनावर डोळ्यांनी पाहिलेले, घड्या खऱ्या, शिंग एक आणि जागच्या जागी. ड्यूररचे नाव मोठे आहे आणि त्याची रेघ अजोड आहे, पण गेंडा कसा असतो हे विचारायचे असेल तर पुण्याच्या तांबटाला विचारावे. फक्त विचारणार कोणाला? ते चित्र एकच होते. मॅलेटबरोबर समुद्रापार गेले, आणि आज अमेरिकेत न्यू हेवन शहरी येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. पुण्याच्या भिंतीवर ते कधी लागले नाही. खुद्द शनिवारवाडा १८२८ सालच्या आगीत जळाला. चुकीचा गेंडा जगभर झाला आणि खरा गेंडा पेटीत राहिला. दोघांत फरक हाताचा नव्हता, डोळ्याचाही नव्हता. फरक एवढाच की एकाच्या मागे ठसा होता आणि दुसऱ्याच्या मागे नव्हता. ज्याचे आडनावच तांब्यावरून पडले, त्याचे चित्र तांब्यावर चढले नाही.

तरी त्या पाच-सात वर्षांच्या सहवासाचे एक फळ हाती आले, आणि ते चित्राचे नसून अक्षराचे आहे. अ. का. प्रियोळकरांनी हिंदुस्थानातल्या मुद्रणाचा इतिहास १९५८ साली ग्रंथरूपाने लिहिला. त्यात ही हकीगत येते. मॅलेटच्या परिवारातल्या इंग्रजाकडून पुण्यातला एक तांबट पत्र्यावर छापण्याजोगी अक्षरे कोरायला शिकला. नाना फडणविसांनी त्याच्याकडून भगवद्गीता कोरवून छापण्याचा बेत केला. आपल्याकडे ग्रंथदानाचे पुण्य मोठे. पोथ्या लिहवून घ्यायच्या आणि ब्राह्मणांना द्यायच्या. लेखकू एका वेळी एक पोथी लिहितो, आणि प्रत्येक पोथीत त्याच्या नव्या चुका. सातशे श्लोक एकदा नीट शोधून पत्र्यावर कोरले की पाहिजे तितक्या प्रती एकसारख्या निघतील, हे नानांसारख्या हिशेबी माणसाला उमगले नसते तरच नवल.

पण पुढे पुण्यात राजकारणाचा वणवा पेटला. सवाई माधवरावांमागे गादीचे तंटे, नानांची कैद, आणि १३ मार्च १८०० रोजी नानांचा अंत. कारागिराला पुण्यात वाली राहिला नाही. मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्याला आपल्याकडे नेले, काम पुरे करवले, आणि १८०५ साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. त्याच वर्षी बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण खिळ्यांनी छापून निघाले, आणि पुढल्या वर्षी तंजावरास सरफोजीराजांच्या छापखान्यातून ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडली. ही दोन्ही कामे खिळ्यांची, परदेशी धर्तीच्या छापखान्यातली. मिरजेची गीता मात्र आपल्या तांबटाच्या कोरणीतून उतरली. एक तांबट, एक पोथी आणि एक जाणता धनी इतके एका ओसरीवर आले आणि काम झाले! सहस्र वर्षांची अडचण जेमतेम दहा-पंधरा वर्षांत सुटली, तीही राज्य कोसळत असताना.

आणि तरी ते तेवढ्यावरच थांबले. पत्र्यावर सबंध पान कोरायचे म्हणजे चूक झाली तर पान वाया. खिळे मोडून पुन्हा जुळवता येतात. मजकुरासाठी खिळे सोयीचे, ते जिंकले. चित्रांसाठी दगड सोयीचा निघाला. शिळाछाप मुंबईस आला. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली त्यावर पंचांग छापले. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली आणि देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे घराघरांत गेली. मग रविवर्म्याचा छापखाना. तांब्याच्या पत्र्याची गरज संपली, आणि तांबट परत बंबाकडे वळला.

पण तेजाबाने धातू खाण्याची ती युक्ती मात्र मागल्या दाराने आपल्या घरात आली, आणि ती आली दिवाळी अंकांतून. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून कित्येक दशके अंकांतली रेखाचित्रे, मथळ्यांची वेलबुट्टी, हास्यचित्रे आणि फोटो धातूच्या ठशांवरून छापले जात. रेखाचित्रांचे ठसे जस्ताचे. चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि पत्रा तेजाबात सोडायचा. रेघा सोडून बाकीचे जस्त तेजाब खाई आणि रेघा उंच उरत. म्हणजे एचिंगच, पण उफराटे. ऑफसेट आल्यावर हे ठोकळे भंगारात गेले. ज्यांच्या घरी जुने दिवाळी अंक बांधून ठेवले आहेत त्यांनी एखाद्या चित्रावरून बोट फिरवून पाहावे. कित्येकदा पानाच्या पाठीमागे ठशाचा दाब अजून बोटाला लागतो.

एचिंग ही कला म्हणूनही परत आली. बंगालचे मुकुल डे १९१६ साली शिकागोला जाऊन ती शिकले आणि थोड्याच वर्षांनी अजिंठ्यास येऊन तेथल्या चित्रांच्या नकला करीत राहिले. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतही आज ठसे आणि पत्रे करायला शिकवतात. तेथे चित्रकार पत्र्यावरून मोजकेच कागद काढतो आणि प्रत्येकाच्या तळाशी पेन्सिलीने लिहितो, ३/२०, म्हणजे विसांतला तिसरा, आणि खाली सही. ठरलेले कागद निघाले की पत्र्यावर आडवी रेघ मारून तो निकामी करण्याचीही चाल आहे. पेशव्यांच्या काळी ज्याची उणीव होती तो बहुतपणा आता इतका स्वस्त झाला आहे की चित्रकाराला तो मुद्दाम आवरावा लागतो!

ज्यांना वाटेल की ही जुनी पत्रे-ठशांची कथा आणि आपला काय संबंध, त्यांच्यासाठी भोरजवळचे एक उदाहरण देतो. आमच्या तालुक्यात कारी नावाचे गाव आहे. कान्होजी जेधे यांचे ते गाव. त्या देशमुखांच्या घरी कागदांच्या बासनात एक शकावली होती. कोणत्या शकात, कोणत्या तिथीला काय घडले, याची टिपणे. शेकडो वर्षे ती त्या एका घरी होती. पावसाळ्यात आमच्याकडे चार चार महिने भिंती पाझरतात. वाळवीला कागदाइतके प्रिय दुसरे काही नाही. चुलीची ठिणगी कधी उडेल याचा नेम नाही. दयाजीराव सर्जेराव जेधे देशमुखांनी ती लोकमान्य टिळकांच्या हाती दिली आणि १९१६ साली टिळकांनी ती छापून प्रसिद्ध केली. शिवाजीमहाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा, ही तिथी तीत मिळाली. त्याआधी आपल्या राजाच्या जन्माचे वर्ष कोणते यावर पंडितांत एकमत नव्हते. कारीच्या बासनाला एकदा वाळवी लागती तर आज १९ फेब्रुवारीला आमच्या शाळेत जी मिरवणूक निघते ती कोणत्या तारखेला निघाली असती कोण जाणे. शकावली छापली गेली त्या दिवसापासून ती वाळवीच्या हातून सुटली. गंगारामच्या गेंड्याला तो योग आला असता, तर पुण्याची मुले दीडशे वर्षे आधी आपल्या चित्रकाराला ओळखू लागली असती.

म्हणून मला असे वाटते की हात कुशल असणे हे निम्मे काम. आमच्या खोऱ्यांत अजूनही बांबू विणणारे, लोखंड घडवणारे, लाकूड कोरणारे हात आहेत. त्यांच्या हुन्नराची दुसऱ्या कोणाशी ओळख करून देणारा माणूस लागतो. तो माणूस मॅलेटसारखा साहेबच असला पाहिजे असे नाही. मिरजेला पटवर्धन होते, कारीच्या शकावलीला टिळक होते. ओळख करून देण्याचे हे काम शाळेत होऊ शकते, आणि शाळामास्तराला त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नसते.

एचिंगला आपल्या भाषेत अम्लरेखन म्हणतात हे वर आलेच. पण लाकूड, तांबे, दगड अशा कोणत्याही ठशावरून चित्रे छापण्याच्या साऱ्या कलेला मराठी चित्रकारांनी एक नाव दिले आहे: मुद्राचित्रण. हे नाव मला फार आवडते. मुद्रा दप्तरात होती आणि चित्र चित्रशाळेत. राजगडापासून शनिवारवाड्यापर्यंत त्या दोघांची भेट झाली नाही. भाषेने त्यांना एका शब्दात आणून बसवले.